अठरा दिवसांचा पाण्यावरचा संसार

"पण ताई, बटाटे किती घेतलेस बरोबर?"

हा माझा पहिला प्रश्न. समोर बसलेली माझी मावसबहीण पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "अगं, अमेरिकेत सगळ्यांनी मला विचारलं, वादळाची भीती नाही वाटली का, देवमासा दिसला का. बटाट्यांचं विचारणारी तूच पहिली!"

आता मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, दुसरं काय विचारणार? नवरा-बायको दोघंच, छत्तीस फुटी शिडाची बोट, आणि मधे एकही दुकान नाही, एकही शेजारीण नाही असा अठरा दिवसांचा प्रवास. साखर संपली तर वाटी घेऊन जायचं कुणाकडे?

ताई गेली तीस वर्षं अमेरिकेत आहे. पन्नाशी उलटलेली. मुलं मार्गाला लागल्यावर भावोजींनी शिडाच्या बोटीचा छंद घेतला आणि हळूहळू ताईही त्यात ओढली गेली. 2025 च्या मे महिन्यात दोघं अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावरून, तिथल्या सेंट जॉर्जेस बंदरातून निघाली आणि जूनमध्ये अझोर्स बेटांपैकी फायाल बेटावर, होर्टा नावाच्या गावाला पोचली. अंतर सुमारे 1800 सागरी मैल, म्हणजे आपले 3300 किलोमीटर. त्याच वर्षीच्या दिवाळीत ती आमच्याकडे चार दिवस राहून गेली. चकलीचा सोऱ्या माझ्या हातात आणि तोंड तिचं चालू, अशी ही सगळी हकिकत मी ऐकली. तेव्हाच ठरवलं की एका लेखात ही तुम्हाला सांगायची.

तर बटाटे दहा किलो घेतले होते. कांदे सहा किलो, पण बटाट्यांपासून अगदी लांब, बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाळीत टांगलेले. दोन्ही एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात, हे आपल्यालाही माहीत असतं, पण आपण टोपली एकच ठेवतो! कोबीचे गड्डे वरची पानं न काढता, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून. केळी हिरवी घेतली, तरी सगळी एकाच दिवशी पिकली. मग दोन दिवस शिकरण एके शिकरण. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीत येऊ द्यायचं नाही, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सगळं धक्क्यावरच डब्यांत ओतून घ्यायचं.

अंडी कधीच फ्रीजमध्ये न गेलेली हवीत. ती तिने एका शेतकरणीकडून मिळवली, प्रत्येकाला व्हॅसलीनचा हात लावला, आणि रोज सकाळी सगळी उलटी करायची. त्यामुळे बलक एका बाजूला चिकटत नाही. अंडं फोडण्याआधी पाण्यात टाकून बघायचं, तरंगलं की सरळ समुद्रार्पण. अठराव्या दिवशीसुद्धा चांगली अंडी शिल्लक होती म्हणे.

हिरव्या भाजीचं काय, असं विचारल्यावर तिने मला कोड्यात टाकलं. "हिरवी भाजी मी रोज पिकवत होते," म्हणाली. मूग! दर दोन दिवसांनी ओल्या फडक्यात मूठभर मूग बांधायचे. मोड आले की उसळ, नाहीतर कच्चेच लिंबू पिळून. पूर्वीच्या काळी जहाजांवरचे खलाशी ताज्या अन्नावाचून हिरड्या सुजून मरत असत; ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव, आपण शाळेत शिकवतो तो. आणि आपल्या आजीचं ते ओलं फडकं म्हणजे त्यावरचं औषध.

स्वयंपाकाचा स्टोव्ह दोन खुंट्यांवर झुलता बसवलेला असतो. बोट कितीही कलली तरी पातेलं सरळ. कलते ती उभी राहणारी बाई! म्हणून कमरेला पट्टा बांधून तो कट्ट्याच्या कड्यांना अडकवायचा. उकळतं पाणी अंगावर येऊ नये म्हणून रबरी एप्रन, अगदी उकाड्यातसुद्धा. आणि सगळ्यांत लाडकं भांडं कोणतं, तर प्रेशर कुकर. शिजवायचं नसलं तरी त्यात भरून झाकण लावलं की बोट आडवी झाली तरी खिचडी सांडत नाही. खिचडीला पाच वाट्या पाण्यात एक वाटी समुद्राचं. वेगळं मीठ घालायचं नाही.

गॅसचं मात्र तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी सोऱ्या खाली ठेवला. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर तो जमिनीलगत साठतो, पण दार उघडलं की निघून तरी जातो. बोटीचा तळ म्हणजे बंद घागर. गळलेला गॅस तळाशी भरून राहतो आणि एका ठिणगीला बोट उडते. म्हणून चहा झाला की सिलिंडर बंद, पोळी झाली की सिलिंडर बंद. दिवसातून दहा वेळा. मी त्या रात्रीपासून झोपताना आमचा रेग्युलेटर बंद करते. इतकी वर्षं नुसतं शेगडीचं बटण फिरवून निर्धास्त झोपत होते.

पाण्याचं तर विचारूच नका. टाकीत 300 लिटर आणि वेगळ्या कॅनमध्ये 60. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात धुवायची, मग पेलाभर गोड्या पाण्यात विसळायची. अंगाच्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, भांड्यांच्या पातळ साबणाला येतो. म्हणून आंघोळही त्याच साबणाने! आणि खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा कधी कोरडा होत नाही. वाळल्यासारखा वाटतो, पण धाग्यात राहिलेलं मीठ रात्री हवेतली ओल ओढून घेतं आणि तो पुन्हा दमट. अठरा दिवस दमट उशीवर झोपले, म्हणाली.

झोपले म्हणजे तरी किती? रात्रीचे पहारे तीन तीन तासांचे. नऊ ते बारा ताई, बारा ते तीन भावोजी, तीन ते सहा पुन्हा ताई. सुकाणू वाऱ्यावर चालणारं यंत्र सांभाळतं. पहाऱ्यावरच्या माणसाने बघायचं ते मोठ्या जहाजांना. क्षितिजावर दिवा दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत जहाज अंगावर येऊ शकतं. जवळपासची जहाजं दाखवणारं यंत्र बोटीत असतं, पण यंत्रावर विसंबायचं नाही. म्हणून ताईने गळ्यात स्वयंपाकघरातला टायमर अडकवला होता. केकसाठी लावतो तो! दर पंधरा मिनिटांनी तो वाजला की उठून चारी दिशांना डोळे ताणून बघायचं.

इथे माझ्या सासूबाई न राहवून म्हणाल्या, "बाईच्या जातीने कशाला हे उद्योग करावेत?" त्यावर आमचे चिरंजीव, जे एरवी घरातल्या गप्पांत भाग घेत नाहीत, ते म्हणाले, "आजी, गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ माहीत आहे का? त्या शिडाच्या बोटीतून नौदलाच्या सहा बायका 2017-18 मध्ये पृथ्वीला फेरी मारून आल्या. आणि 2024 च्या ऑक्टोबरात दोघीच, दिलना आणि रूपा, पुन्हा निघाल्या त्या 2025 च्या मेमध्ये गोव्याला परत." सासूबाई म्हणाल्या, "असतील बाई. त्यांना पगार मिळत असेल." ताईलाही हसू आवरेना.

पहिले तीन दिवस ताईच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. मी पाठवलेल्या आलेपाकाच्या वड्या तेव्हा कामी आल्या, हे ती माझं मन राखायला म्हणाली की काय कोण जाणे! पण खरी गोष्ट याच्याही आधीची आहे.

निघायच्या आधी ताईने भावोजींना एक अट घातली होती. म्हणाली, "तुम्ही समुद्रात पडलात, तर मला एकटीला बोट परत फिरवून तुम्हाला वर काढता आलं पाहिजे. ते येईपर्यंत मी अटलांटिकवर येणार नाही."

भावोजी काय म्हणाले असतील? "अगं, मी कशाला पडतोय! मी आहे ना."

ताई म्हणाली, "तुम्ही असलात तर प्रश्नच नाही. तुम्ही नसलात तर काय, एवढंच मी विचारते आहे."

तिने त्याच सुमारास न्यूझीलंडच्या नेओमी जेम्सबद्दल वाचलं होतं. नवऱ्याकडून शिडाची बोट चालवायला शिकलेली ही बाई 1977-78 मध्ये एकटीने जगप्रदक्षिणा करून आली. आणि 1983 मध्ये तिचा नवरा रॉब, स्वतः नावाजलेला नाविक, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बोटीवरून पडून गेला. ती तेव्हा बोटीवर नव्हती; घरी होती, दिवस भरत आलेले. म्हणजे कसलेला माणूसही पडतो.

मग ताईने हिशोब मांडला. पाच मैलांच्या वेगाने चालणारी बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे एक नारळ. दोन मिनिटांत दिसेनासं होतं. आधी तरंगणारं कडं फेकायचं, यंत्राचं बटण दाबून जागा नोंदवायची, बोट वाऱ्यात वळवायची, शीड उतरवायचं, पाण्यात एकही दोरी लोंबत नाही ना हे बघूनच इंजिन सुरू करायचं, नाहीतर दोरी पंख्यात अडकून तेही बंद. आणि एवढं करून भावोजींपाशी पोचली, तरी ऐंशी किलोचा भिजलेला माणूस तिच्याने वर ओढला जाणार नाही. त्यासाठी शीड चढवायची दोरी आणि तिचा रहाट वापरायचा. महिनाभर दर रविवारी भावोजी गुपचूप एक रबरी फेंडर आणि पाण्याची बादली एकत्र बांधून समुद्रात टाकायचे, आणि ओरडायचे, "मी पडलो!" पहिल्या दिवशी ताईने त्या ‘भावोजींना’ तीन वेळा बोटीखाली चिरडलं. महिन्याअखेर सात मिनिटांत वर काढायला लागली.

हे ऐकताना माझे कान गरम झाले. तुमच्यापासून काय लपवायचं? तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आठ दिवस दवाखान्यात होते. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते, आठवीच्या मुलींना स्वावलंबनावर निबंध लिहायला लावते. आणि त्या आठ दिवसांत मला आरोग्य विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते माहीत नव्हतं. बँकेचा आकडा ह्यांच्या मोबाईलवर यायचा आणि मोबाईल उघडायची खूण चौदा वर्षांच्या मुलाला ठाऊक, मला नाही. पाण्याची मोटर कशी सुरू करायची तेही त्यालाच विचारलं. आमच्यात दुरावा मुळीच नव्हता. "मी आहे ना" म्हणायचे हे, आणि मलाही ते ऐकायला गोड लागायचं.

असो. ताईच्या बोटीकडे वळू.

भावोजी समुद्रात पडले नाहीत. पडले ते घरातच! अकराव्या दिवशी दुपारी ताटली घेऊन आत येताना बोट आडव्या लाटेने अशी कलली की ते टेबलाच्या कडेवर छातीने आपटले. श्वास घेता येईना. उपग्रहाच्या फोनवरून ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरगडी मोडली असावी, पट्ट्याने आवळू नका, वेदना थांबवायच्या गोळ्या द्या, दर तासाला चार खोल श्वास घ्यायला लावा, आणि ओझं उचलायचं नाही. होर्टा अजून सातशे मैल.

"मग गं?" मी विचारलं.

"मग काय. ते बसून पहारा करू शकत होते, दोर ओढू शकत नव्हते. शिडं माझ्याकडे आली."

एवढंच म्हणाली. पण नंतर, मुलं झोपल्यावर, गॅलरीत बसून तिने बाकीचं सांगितलं. पहिल्या रात्री वारा वाढला तेव्हा शीड आखडायला तिला पुढे डोलकाठीपाशी जावं लागलं. कमरेचा पट्टा दोरीला अडकवलेला. काळोखात पाण्याचा आवाज इतका, की भावोजी मागून काय ओरडत होते ते ऐकू येत नव्हतं. एरवी वीस मिनिटांचं काम, तिला पाऊण तास लागला. परत येऊन बसली आणि हात इतके थरथरत होते की पट्ट्याचा आकडा सोडवता येईना. त्यानंतर तिने एक केलं. वारा वाढेपर्यंत थांबायचंच नाही. रोज उजेडातच रात्रीपुरतं शीड लहान करून ठेवायचं. वेग कमी झाला, दोन दिवस जास्त लागले. भावोजी कुरकुरले. तिने ऐकलं नाही.

अठराव्या दिवशी पहाटे, अजून काही दिसत नव्हतं, आणि तिला वास आला. गवताचा आणि शेणाचा! अझोर्स बेटं दुधदुभत्याची. फायालवर कुरणंच कुरणं आणि गाई. ताईचं बालपण आमच्या आजोळच्या वाड्यात गेलेलं, दारात गोठा. ती सुकाणूपाशी उभी राहून रडली. मग उजाडताना ढगांच्या वर एक शिखर दिसलं. तो समोरच्या पिको बेटावरचा ज्वालामुखी, 2351 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सातशे मीटरने जास्त.

मला वाटलं, पोचले, सुटले. ताई म्हणाली, "छे! खरी परीक्षा तिथे." बोटीला ब्रेक नसतो. होर्टाचा बोटींचा तळ 1986 पासूनचा, अटलांटिक ओलांडणारे अनेक जण तिथे थांबतात, आणि जूनमध्ये तर एकाला एक लागून बोटी. अशा जागी धक्क्याला बोट लावायची ती नेहमी भावोजींनी. ताईने दोर फेकायचा. आता दोर फेकणाऱ्याचीच छाती मोडलेली.

तिने बाहेरच थांबून दोन्ही बाजूंना फेंडर बांधले, चारी दोर तयार ठेवले, आणि रेडिओवरून कार्यालयाला सरळ सांगितलं: आमच्याकडे एकच धड माणूस आहे, दोर घ्यायला कुणी तरी या. पहिल्यांदा आत आली तेव्हा वाऱ्याने पुढचं टोक बाजूला ढकललं. शेजारच्या बोटीवर आदळणार असं दिसताच तिने नाद सोडला, मागे घेतली, बाहेर पडून पुन्हा वळसा घातला. धक्क्यावर एव्हाना दहा-बारा माणसं बघत उभी. "लाज नाही वाटली?" मी विचारलं. "वाटली की. पण आदळल्यावर जास्त वाटली असती." दुसऱ्या वेळी वाऱ्याच्या तोंडाला, चालण्याच्या वेगाने आली. एका पांढऱ्या केसांच्या फ्रेंच बाईने दोर झेलला, खुंटाला वळसा दिला आणि ताईला अंगठा दाखवला.

कार्यालयात पोलीस, जकात, सगळे एकाच ठिकाणी. फॉर्मवर पहिला रकाना बोटीच्या कप्तानाचा. कारकुनाने ताईकडे बघितलं. त्याने तिला बोट लावताना पाहिलं होतं. ताईने भावोजींचं नाव सांगितलं. "कागदपत्रं त्यांच्या नावावर ना!" म्हणाली, आणि मग आम्ही दोघी जरा वेळ काहीच बोललो नाही.

दवाखान्यात फोटो काढला, दोन बरगड्यांना तडा होता. तोपर्यंत भावोजींची कळ कमी झाली होती. दोघांनी प्रथम गोड्या गरम पाण्याची आंघोळ केली, पैसे टाकून चालणाऱ्या यंत्रात सगळे कपडे धुतले, आणि मग 1918 मध्ये सुरू झालेल्या, दर्यावर्दींची पत्रं सांभाळून ठेवणाऱ्या पीटर कॅफे स्पोर्टमध्ये जाऊन जेवली. बेटं पोर्तुगालची. बाजारात ताईला घरी आल्यासारखं वाटलं, कारण बटाट्याला ‘बटाटा’च म्हणतात, पाव आणि कोबी ओळखता येतात, किल्लीसुद्धा चावीच्या जवळपासची. गोव्याहून परतणारी पोर्तुगीज गलबतं याच बेटांमध्ये, तेरसेइरा बेटावरच्या आंग्राला, पाण्यासाठी थांबत. ते शब्द आपल्याकडे सोडून आलेल्या लोकांचाच हा रस्ता.

होर्टाला एक रिवाज आहे. जो बोट घेऊन येतो त्याने धक्क्याच्या भिंतीवर, फरशीवर, जिथे जागा मिळेल तिथे चित्र काढायचं: बोटीचं नाव, माणसांची नावं, साल. न काढता जाणाऱ्याचा पुढचा प्रवास अडतो अशी समजूत. मैलभर नुसती चित्रंच चित्रं. ताईने पांढरा आणि लाल ऑइलपेंट आणला आणि गुडघ्यांवर बसून आठ पाकळ्यांच्या कमळाची रांगोळी काढली. स्वस्तिक काढायचं तिच्या मनात होतं, पण युरोपात त्याचा भलताच अर्थ घेतात म्हणून राहू दिलं. खाली नावं लिहायला ब्रश भावोजींकडे दिला. त्यांना वाकता येत नव्हतं, तरी कसेबसे बसले आणि आधी तिचं नाव लिहिलं. मी फोटो पाहिला आहे. अक्षर अगदी वेडंवाकडं आहे.

ताई गेल्यावरच्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, कपाटातल्या सगळ्या फायली खाली काढू या. "कशाला आता? मी आहे ना," हे म्हणाले. मी म्हटलं, "आहात ना, मग दाखवा की." दुपारभर बसलो. विमा, बँकेचे दोन खाते क्रमांक, घराची कागदपत्रं, गॅसचं पुस्तक, सगळं एका दोनशेपानी वहीत माझ्या अक्षरात उतरवलं. मोटर मी स्वतः दोनदा सुरू केली. लॉकरची एक चावी काही केल्या सापडत नाही. ती यांनी कुठे ठेवली ते यांनाच आठवत नाही.